भोईवाड्यातल्या ताईंचा पेजेचा डबा

गेल्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको परळला सव्वादोन महिने राहिलो. त्यातले शेवटचे पाच आठवडे भोईवाड्यातल्या एका घरगुती डब्यावर काढले. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी आपलं माणूस घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला जे कोणी जाणार असतील, त्यांच्यासाठी त्या डब्याबद्दल लिहितोय. ऑपरेशन, केमो, मशीन यांची माहिती डॉक्टर देतात. पेशंटच्या पोटात रोज काय आणि किती जाणार, हे मात्र सोबतच्या माणसाच्या गळ्यात येतं. शेवटच्या दिवसांत तर तेवढंच एक काम उरतं आणि ते फार मोठं असतं.

मी तासगाव तालुक्यातला, तीन एकर द्राक्षबाग आहे. हिच्या डाव्या गालात आतून गाठ निघाली. आमच्याकडे बायका मिश्री लावतात, म्हणजे तव्यावर भाजून पूड केलेली तंबाखू. ही लग्नाआधीपासून लावायची, दिवसातून तीन-चार वेळा. आठवडी बाजारातून तिची मिश्री सत्तावीस वर्षं मीच आणत आलो. आता गावात कुणीही विचारलं तरी हे मी सांगतो.

ऑपरेशनमध्ये गालाचा आतला भाग, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचं मांस फिरवून गाल भरला. जखम भरल्यावर तीस लाईट सांगितल्या. रेडिएशनला आमच्याकडे लाईट म्हणतात, कुणी शेक म्हणतं. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे, आणि दर आठवड्याला एक केमो. उपचाराचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला. खोलीचं भाडं आणि जेवण कुठल्या योजनेत बसत नाही. चाळीत दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली मिळाली, दिवसाला सहाशे रुपये. मालकांनी एकच अट घातली, खोलीत गॅस पेटवायचा नाही. पाणी गरम करायला विजेची किटली तेवढी चालेल. म्हणजे डबा लावणं भागच होतं.

लाईटचे पहिले तीन आठवडे दुसऱ्या एका ठिकाणचा डबा घेतला. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण धडधाकट माणसाला तो डबा चांगलाच आहे. पण त्यांच्या लेखी पेशंटचा डबा म्हणजे तिखट कमी टाकलेला नेहमीचा डबा. वरणाला मोहरी-जिऱ्याची फोडणी, मऊ भात, आणि चपाती तुम्ही दुधात कुस्करून घ्या. दहाव्या लाईटपर्यंत ते चाललं.

लाईटचा त्रास पहिल्या दिवशी दिसत नाही. पहिले दोन आठवडे माणूस म्हणतो, एवढं काही नाही. मग तोंड आतून लाल होतं, पांढरे चट्टे येतात, सालं निघतात. चव जाते. हिला साखर राखेसारखी लागायची आणि दूध चुन्याच्या निवळीसारखं. लाळ घट्ट होऊन तार धरते, रात्री ती घशात अडकून ठसका लागतो. शेवटचे दोन आठवडे आणि लाईट संपल्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात अवघड जातात. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. ऐकलं होतं मी, पण कळलं पंधराव्या लाईटला. त्या दिवशी वरणाचा एक चमचा तोंडात घेऊन ही भिंतीकडे तोंड करून बसली आणि चमचा तसाच हातात राहिला.

वजनाचंही सांगायला हवं. लाईट देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लॅस्टिकच्या जाळीचा मास्क बसवतात. गरम पाण्यात मऊ करून तो चेहऱ्याच्या मापाचा करतात आणि सहा आठवडे तोच रोज लावतात. माणूस वाळला की मास्क सैल होतो. फार सैल झाला तर पुन्हा स्कॅन, पुन्हा सगळं प्लॅनिंग. म्हणून दर आठवड्याला वजन बघतात. ऑपरेशनआधी ही ५१ किलो होती, लाईट सुरू झाल्या तेव्हा ४६, पंधराव्या लाईटला ४३. मशीनवरचा मुलगा मास्कच्या कडेतून बोट घालून बघायला लागला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

लाईटच्या रांगेत मालेगावकडचे एक भाऊ रोज भेटायचे. त्यांच्या वडिलांच्या घशाला लाईट चालू होती. ते म्हणाले, पेजेवाल्या ताईंकडे जा.

ताई साठीच्या आसपासच्या, मूळच्या कणकवलीकडच्या. त्यांच्या सासूबाई गिरणी कामगारांची खाणावळ चालवायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली, त्या बायकांतल्या एक या सासूबाई. १९८२ च्या संपात कामगारांची उधारी थकली, जेवणारे गावाला गेले ते परत आलेच नाहीत. नंतर याच घरात पेशंटचे डबे सुरू झाले. त्या वेळची मोठी पातेली अजून वापरात आहेत.

पहिल्या दिवशी मी दर विचारला, तर ताईंनी आधी मलाच प्रश्न विचारले. आज कितवी लाईट? तोंडात बोटं किती जातात, म्हणजे तोंड किती उघडतं? खारट झोंबतं का? वास सहन होतो का? पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून या, मग डबा देते, पेज फुफ्फुसात गेली तर जड जाईल. एवढं त्या आधीच्या ठिकाणी कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर घरच्यांनीही विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, बरं आहे ना?

दर सांगतो. पेशंटचा डबा दिवसाला १८० रुपये, चार वेळचा. सकाळी आठला एक खेप, दुपारी साडेबाराला दुसरी, दोन्ही वेळी दोन-दोन छोटे डबे. सोबतच्या माणसाचं दोन वेळचं जेवण १४० रुपये. डब्यांची अनामत ३०० रुपये, ती परत मिळते. पैसे आठवड्याला द्यायचे. मध्ये केमोला दाखल व्हावं लागलं तर त्या दिवसाचे पैसे त्या घेत नाहीत.

डब्यात पेज असते हे नावावरून कळलंच असेल. आम्ही घाटावरची माणसं, आमच्या घरात आंबील आणि माडगं. उकड्या तांदळाची पेज मी पहिल्यांदा तिथे बघितली. तांदूळ फुटेपर्यंत शिजवून, घोटून, वर साजूक तूप. मीठ पेशंट सांगेल तेवढंच, आणि हिने सांगितलं शून्य. सोबत मुगाचं गाळलेलं कढण, दुधी किंवा लाल भोपळा उकडून दुधात घोटलेला, नाचणीचं सत्त्व. एक दिवसाआड अंडं दुधात फेटून वाफवलेलं, खरवसासारखं मऊ. ते हिच्या घशाखाली सगळ्यात सहज उतरायचं. फोडणी कशालाच नाही. आंबट काहीच नाही, त्यामुळे ताकही नाही.

आणि डबा गरम येत नाही. पहिल्या दिवशी मी तक्रार केली. ताई म्हणाल्या, "दादा, गरम अन्नाला वास येतो. केमोच्या माणसाला आधी वास मारतो. चव नंतरची गोष्ट. निवलेलं द्या." खोलीत झाकण उघडलं तरी वास येत नसे आणि ही तोंड फिरवत नसे. तीन आठवडे मी किटलीतल्या पाण्यात डबा ठेवून गरम करत होतो, प्रेमाने. ते तिला उलट बाधत होतं.

आता मुख्य गोष्ट. ताई परत आलेला डबा धुण्याआधी उघडून बघतात. कोणाच्या डब्यात काय उरलं, किती उरलं, ते ओट्यावरच्या वहीत लिहितात आणि दुसऱ्या दिवशीचं त्यावरून ठरवतात. मला हे माहीत नव्हतं.

ताईंच्या डब्याच्या पहिल्या आठवड्यात ही निम्म्याहून जास्त टाकायची. तिच्यासमोर उरलेलं ओतून द्यायला मन धजेना. तिचा भाऊ रोज रात्री फोन करायचा, "ताई जेवली का?" मग मी डबा घेऊन जिन्यात जायचो आणि तिचं उरलेलं मीच खाऊन टाकायचो. डबा रिकामा, म्हणजे फोनवर सांगायला बरं, "हो, सगळं संपलं." पाचव्या दिवशी ताई स्वतः दोन जिने चढून वर आल्या. मला बाहेर बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, वहिनींचा डबा तुम्ही खाताय. विसाव्या लाईटच्या माणसाचा डबा चाटूनपुसून येत नाही. चाळीस वर्षं मी डबे उघडतेय. तुम्ही मला खोटं सांगाल तर मी करू काय त्यांच्यासाठी?"

मी जिन्यात बसून रडलो. सहा महिन्यांत पहिल्यांदा. ताई थांबल्या, काही बोलल्या नाहीत, मग खाली गेल्या.

त्या दिवसापासून उरलेलं तसंच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दोनाच्या जागी तीन छोटे डबे आले, प्रत्येकात अर्धी वाटी. अर्धी वाटी संपते. मोठा डबा भरलेला दिसला की पेशंट आधीच हरतो, हे मला कळायला हवं होतं. मेव्हण्यालाही खरं सांगायला लागलो, "आज सहा चमचे." दोन दिवसांनी तो रात्रीची गाडी पकडून आला आणि तीन दिवस राहिला. खरं सांगितलं नसतं तर आला नसता.

बोलताना जखमा ओढल्या जायच्या म्हणून ही शाळेच्या वहीत लिहून सांगायची. एकविसाव्या लाईटला तिने लिहिलं, "कण्या". जोंधळ्याच्या कण्या. ताईंना कण्या माहीत होत्या, पण केल्या कधी नव्हत्या. मी फोनवर सांगितलं, जोंधळा जाडसर भरडायचा, पाखडून कोंडा काढायचा, पाण्यात गुरगुटा शिजवायचा. आमच्याकडे वर ताक घेतात, ते इथे चालणार नव्हतं. ताईंनी लालबागहून भरड आणली, शिजवली, मिक्सरमधून काढली, पुरणाच्या चाळणीतून गाळली आणि गाईचं दूध घातलं. हिने आठ चमचे घेतले. आठ चमचे काय असतात ते ज्याने मोजलेत त्यालाच ठाऊक. नंतर वहीत लिहिलं, "चव नाही. पण कळतंय." मी त्याचा अर्थ विचारला नाही.

तरी वजन ४१ वर आलं आणि चोविसाव्या लाईटला डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं ठरवलं. ही आठवडाभर नको म्हणत होती. तिला वाटायचं, नळी लागली म्हणजे आपण संपलो. डाएटिशियन मॅडमनी समजावलं की नळी सहा-आठ आठवड्यांची असते, तोंडाच्या जखमा भरल्या की काढतात, आणि पोटात गेलं तरच उरलेल्या सहा लाईट न चुकता होतील. हे आधी कळलं असतं तर आठवडा वाचला असता. ज्यांच्या घरी हा प्रश्न आज आहे त्यांना सांगतो, नळीला घाबरू नका.

नळी लागली की बऱ्याच जणांचा डबा बंद होतो. ताईंनी मॅडमनी दिलेला कागद माझ्याकडून मागून घेतला आणि त्याप्रमाणे फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, करायला लागल्या. दूध, अंडं, नाचणी, तेल, साखर, सगळं मापाने. दर दोन तासांनी पाव लिटरच्या आत, पन्नास मिलीच्या सिरिंजने, हळूहळू, बसवून, आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. प्रत्येक वेळी शेवटी साधं पाणी सोडायचं. हे सगळं मला नर्स सिस्टरांनी शिकवलं. दुसऱ्या दिवशी हात थरथरायचा थांबला.

इथे ताईंची एक चूक झाली, तीही लिहितो. तिसऱ्या दिवशी नाचणीची गुठळी राहिली होती आणि रात्री साडेनऊला नळी अडकली. कोमट पाणी सोडून बघितलं, सुटेना. जोर लावायचा नसतो. हिला घेऊन हॉस्पिटलला गेलो, अकरा वाजता सुटली. पौष-माघ अजून लांब होते तरी रस्त्याला गार वारं होतं आणि हिच्या डोक्याला बांधायला मी काही घेतलं नव्हतं. सकाळी ताईंना सांगितलं. त्यांनी सबब सांगितली नाही. दुपारपासून फीड मलमलच्या कापडातून दोनदा गाळून आलं आणि पुढे एकदाही अडकलं नाही. त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी देऊ केले होते.

आणखी उणिवा आहेत. रविवारी दुपारनंतर काही मिळत नाही, तेव्हा फीडचं दूध आणि सत्त्वाची पूड आधी आणून ठेवावी लागते. सहा डिसेंबरला दादरकडे जाणारे रस्ते चैत्यभूमीच्या गर्दीने भरलेले असतात, त्या दिवशी डबा दीड तास उशिरा आला. मुलगा सायकल ठेवून चालत आला होता. डब्याच्या कड्या ढिल्या आहेत, पिशवीत खाली रुमाल घाला. ताईंचा स्वभाव करडा आहे. एकदा मला म्हणाल्या, "वहिनींवर जरा रागवा, त्याशिवाय खाणार नाहीत." ते मला पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. जिचं तोंड आतून सोललेलं आहे तिच्यावर कसलं रागवायचं? त्यावर त्या गप्प राहिल्या. पुन्हा तसं बोलल्या नाहीत.

माझ्या डब्याबद्दल दोन ओळी. सोबतच्या माणसाचा डबा वेगळ्या पिशवीत येतो, कारण त्यात फोडणी असते. दोन भाकरी किंवा चपात्या, भाजी, आमटी-भात, बुधवारी बांगडा. मी जिन्यातच जेवायचो, वास आत जाऊ नये म्हणून. एकदा बागेत डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आला, धाकट्या भावाने फोनवर घडाचे फोटो पाठवले आणि दिवसभर मी जेवलो नाही. संध्याकाळी ताईंचा फोन. "तुमचा डबा भरलेला आलाय, दादा. वहिनींना उचलून बसवणार कोण?" माझाही डबा त्या उघडून बघत होत्या.

तिसावी लाईट झाली तेव्हा मशीनवरच्या मुलाने मास्क हातात दिला. काही लोक तो घरी नेतात. हिने वहीत लिहिलं, "नको", आणि मी तो तिथेच ठेवला. लाईट संपली म्हणून आम्ही लगेच निघालो नाही, आणि तुम्हीही निघू नका असं मला मनापासून वाटतं. पुढचे दहा दिवस तोंड आणखी सोललं. मानेची कातडी काळी पडून ओली झाली. गावाला गेलो असतो तर मी घाबरलोच असतो. त्या दिवसांत गुळण्या, फीड, मलम आणि जबड्याचा व्यायाम एवढंच चालू होतं. गुळण्या कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून, दर दोन-तीन तासांनी. व्यायाम आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून, काड्या हळूहळू वाढवायच्या, नाहीतर तोंड कायमचं मिटत जातं. ही सात काड्यांवर होती, निघताना नऊ.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी तोंडाने थोडं सुरू करायला सांगितलं. ताईंनी पेज पाठवली, एकदम पातळ, पहिल्या दिवशी पाठवली होती तशीच, बिनमिठाची. हिने पाच चमचे घेतले आणि डबा मिटला. मी तो तसाच, उरलेल्या पेजेसकट, खाली नेऊन दिला. ताईंनी झाकण उघडून बघितलं, वहीत लिहिलं आणि अनामतीचे तीनशे रुपये परत दिले. मी घरच्या बागेतल्या बेदाण्याचा एक पुडा दिला. ताई म्हणाल्या, हे भिजवून, कुस्करून, गाळून वहिनींनाच द्या, मला कशाला? मी ऐकलं नाही.

येताना महालक्ष्मी एक्सप्रेसने आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला येण्याजाण्यासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. हॉस्पिटलचा फॉर्म घेऊन तिकीट खिडकीवर जा.

ताईंचा नंबर इथे टाकत नाही. वीस डब्यांच्या वर त्यांना जमत नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंय. भोईवाड्यात पेशंटच्या खोल्या असलेल्या कुठल्याही चाळीत पेजेवाल्या ताई विचारा, कोणीतरी घरापर्यंत सोडेल. दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा, सकाळी त्या बोलत नाहीत. जाताना आज कितवी लाईट आणि तोंडात किती बोटं जातात, ते बघून जा.

आता ही घरी आहे. नळी निघाली, वजन ४४. कण्या मी करतो, पुरणाच्या चाळणीतून दोनदा गाळून. काल तिने चिमूटभर मीठ मागितलं.